नॉरफोक ते सेंट ऑगस्टीन: शिडाच्या होडीतून आम्हा दोघांचे ३६ दिवस

मुठाकाठ
पुण्यात परतून आता बरेच दिवस झाले, पण अजून पहाटे जाग आली की आधी खिडकीबाहेरचा वारा ऐकते. मैत्रिणींना सांगून झालं, सोसायटीत सांगून झालं. तरी मनासारखं सांगितलं गेलं नाही, म्हणून हा धागा.

माझे धाकटे दीर व्हर्जिनियात असतात. त्यांची ३२ फुटी शिडाची होडी आहे. थंडी लागायच्या आत ती फ्लोरिडात न्यायची होती, त्यांना रजा मिळत नव्हती. नवरा फौजेतून निवृत्त. एनडीएत असताना खडकवासल्याच्या पाण्यात शीड हाताळायला शिकला, पुढे मुंबईच्या पोस्टिंगमध्ये सुटीच्या दिवशी समुद्रात जायचा. मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. होडीत बसले होते ती फक्त मांडव्याला जाताना! दिरांनी आठ दिवस आम्हाला चेसापीकच्या उपसागरात फिरवलं, नांगर टाकायला, काढायला, रेडिओवर बोलायला शिकवलं आणि ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्या हाती होडी देऊन ते कामावर गेले.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला समांतर, जमिनीच्या आतल्या बाजूने एक पाणवाट आहे. इंट्राकोस्टल वॉटरवे. नद्या, खाड्या, सरोवरांसारखी उथळ आखातं आणि त्यांना जोडणारे खणलेले कालवे. बाहेर अटलांटिक, मध्ये वाळूच्या बेटांची रांग आणि आत ही वाट. शून्य मैल नॉरफोकला, एलिझाबेथ नदीतल्या ३६ नंबरच्या लाल बोयाशी, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेशी. मैलही जमिनीवरचे धरतात, सागरी नाहीत. मायामी साधारण १०९० मैलांवर. आम्ही ७७८ मैलांवरच्या सेंट ऑगस्टीनपर्यंत गेलो, म्हणजे साडेबाराशे किलोमीटर. दिवस ३६, त्यातले चालीचे २३. बाकीचे वाट बघण्यात गेले, आणि त्याबद्दल मला सर्वात जास्त सांगायचंय.

थोडं थोडं लिहीन. प्रश्न विचारा.

शनिवारपेठ_१९
ताई, फार छान. पहिला प्रश्न सरळ विचारतो: समुद्र बाजूला असताना कालव्यातून का? शिडाची होडी ना ती?

मुठाकाठ
कारण हॅटेरसचं भूशिर. नॉर्थ कॅरोलायनाच्या त्या टोकापुढे वाळूचे उथळ पट्टे समुद्रात दूरवर गेलेत आणि तिथूनच गल्फ स्ट्रीमचा उबदार प्रवाह उत्तरेकडे वाहतो. उत्तरेचा वारा सुटला की प्रवाह एका दिशेने, वारा त्याच्या तोंडावर. लाटा उभ्या भिंतीसारख्या होतात. इतकी गलबतं तिथे बुडालीत की त्या पाण्याला अटलांटिकचं स्मशान म्हणतात. अनुभवी माणसं हवामान बघून बाहेरून जातात. आम्ही दोघं, त्यात मी नवशिकी. आतली वाट आहे ती आमच्यासारख्यांसाठीच.

आणि हो, पाऊण प्रवास इंजिनवर झाला. वाट अरुंद, मध्ये पूल, वारा कधी समोरून. वारा मागून किंवा बाजूने असला की पुढचं शीड उघडायचो, तेवढ्याने मैल-सव्वा मैलाने वेग वाढायचा. पूर्ण शिडावर गेलो ते मोठ्या आखातांत. अख्ख्या प्रवासात सुमारे ३०० लिटर डिझेल लागलं.

शनिवारपेठ_१९
मग याला शिडाचा प्रवास म्हणावं का? वाईट वाटून घेऊ नका, पण दिलीप दोंदे २००९-१० मध्ये ‘म्हादेई’तून एकटे जगप्रदक्षिणा करून आले. नंतर ‘तारिणी’वरच्या आपल्या नौदलाच्या मुली. शिडाचा प्रवास म्हटला की माझ्या डोळ्यापुढे ते येतं.

अंजर्लेकर
शनिवारपेठ, माझे आजोबा अंजर्ल्याचे. मचव्यातून मुंबईला कौलं न्यायचे. वारा पडला की वल्ही मारायचे आणि सुकती, म्हणजे ओहोटी, लागली की खाडीत नांगर टाकून सहा तास बसायचे. त्यांना कुणी खलाशी नाही म्हणालं नाही. शीड किती वेळ उभं होतं यापेक्षा पाणी वाचता येतं की नाही हे महत्त्वाचं. ताई, तुम्ही पाण्याबद्दल लिहा.

मुठाकाठ
दोंदे, तारिणी ही माणसं फार वरची. त्यांच्या शेजारी मी आमचा प्रवास ठेवणार नाही. पण अंजर्लेकर म्हणतात तेच मला तिथे पावलोपावली पटत गेलं.

आता सुरुवात. नॉरफोकहून दक्षिणेला दोन वाटा. एक ऑल्बेमार्ल-चेसापीक कालव्याची, १८५९ ची, मोठ्या मालवाहू बार्जेस तिथून जातात. दुसरी डिस्मल स्वॉम्प कालव्याची, १८०५ साली उघडलेली. अमेरिकेत सतत वापरात असलेला सर्वात जुना मानवनिर्मित कालवा हाच. २२ मैल, जवळजवळ सरळ रेषेत. खोली सहा फूट धरायची, आमची होडी पाण्याखाली साडेचार फूट. म्हणजे दीड फुटाचं अंतर, आणि तळाशी बुडालेले ओंडके. नवरा म्हणाला दुसऱ्या वाटेने जाऊ. मला जुनीच वाट बघायची होती.

आत शिरायला लॉक आहे, म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला पाण्याचा हौद. दिवसातून चार वेळाच उघडतं. मागचे दरवाजे बंद झाले आणि होडी आठ फूट वर उचलली गेली. भिंतीला दोर धरून मी पुढे, नवरा मागे, आणि पाणी चढेल तसा दोर आवळत जायचं. सैल सोडला तर होडी आडवी होते. मी वर्गात पनामा कालव्याची आकृती किती वेळा फळ्यावर काढली असेल. पाणी पायाखालून उचलतं ते त्या दिवशी कळलं.

वरचं पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं. सायप्रस, सीडर अशा झाडांतला टॅनिनचा अर्क उतरून तसं होतं. ते लवकर खराब होत नाही म्हणून पूर्वी जहाजं लांबच्या सफरीसाठी हेच पाणी पिंपांत भरून नेत. दोन्ही काठांची झाडं आत वाकलेली, पानं लाल-पिवळी, आणि पाणी इतकं स्थिर की आकाश कुठलं आणि प्रतिबिंब कुठलं ते होडीच्या लाटेनेच समजावं.

पाटबंधारे
मी खात्यात ३४ वर्षं काढली म्हणून विचारतो. कालव्याचा माथा समुद्रसपाटीपेक्षा आठ फूट वर आहे, तर दर लॉकिंगला वाहून जाणारं पाणी येतं कुठून?

मुठाकाठ
दलदलीच्या मध्यावर लेक ड्रमंड नावाचं सरोवर आहे, त्यातून पूरक कालव्याने. दुष्काळात सरोवराची पातळी उतरली की लॉक उघडण्याच्या वेळा कमी करतात, कधी कालवाच बंद ठेवतात.

पाटबंधारे
म्हणजे आपल्याकडच्यासारखंच. वर साठा असेल तर खाली पाण्याची पाळी. बरं वाटलं वाचून.

इतिहासवेडी
ताई, त्या कालव्याबद्दल एक गोष्ट राहू नये म्हणून लिहिते. १७९३ मध्ये खोदाई सुरू झाली आणि बारा वर्षं चालली. ती केली गुलाम माणसांनी, आसपासच्या मालकांकडून भाड्याने आणलेल्या. कंबरभर चिखलात उभं राहून, हातांनी. आणि त्याच दलदलीच्या आत, जिथे कुत्री घेऊन माग काढणारेही पोहोचत नसत, तिथे पळालेली माणसं पिढ्यान् पिढ्या लपून राहिली, संसार थाटून.

मोझेस ग्रँडी नावाचा एक गुलाम याच पाण्यावर मालाच्या होड्या चालवायचा. त्याने कमाईतून वाचवून स्वतःची किंमत मालकाला दिली. मालकाने पैसे घेतले आणि सोडलं नाही. दुसऱ्या मालकानेही तेच केलं. तिसऱ्यांदा पैसे भरले तेव्हा तो सुटला. तुम्ही ज्या सरळ रेषेतून गेलात ती कुणी आखली यापेक्षा कुणी खणली हे माझ्या डोक्यातून जात नाही.

मुठाकाठ
इतिहासवेडी, धन्यवाद. कालव्याच्या काठी माहितीफलक आहेत, तिथे हे थोडं वाचलं होतं. ते वाचून झाल्यावर आम्ही दोघंही बराच वेळ बोललो नाही. पुढचे मैल इंजिन हळू ठेवून गेलो.

दुसऱ्या लॉकने खाली उतरलो की पास्क्वोटँक नदी आणि एलिझाबेथ सिटी. गावाच्या धक्क्यावर पाहुण्या होड्यांना दोन दिवस फुकट जागा. १९८३ पासून इथे येणाऱ्या होड्यांना गुलाब देऊन स्वागत करायची पद्धत पडली, गावातल्या दोन गृहस्थांनी सुरू केलेली. आम्हाला दोर टाकायला तिघं धावले. एक आजोबा मला म्हणाले, उद्या निघू नका, ऑल्बेमार्ल साउंड उद्या चांगलं नसेल. आम्ही दोन दिवस थांबलो. ते साउंड म्हणजे उथळ आखात. पाणी कमी म्हणून लाटा आखूड आणि उभ्या, एक संपायच्या आत दुसरी. तिसऱ्या दिवशी ओलांडलं तेव्हा वारा बाजूने होता, दोन्ही शिडं वर, इंजिन बंद. शनिवारपेठ, ते तीन तास तुमच्यासाठी!

सुगरण_वारजे
खाल्लंत काय? आणि रात्री कुठे झोपायचात?

मुठाकाठ
दोन शेगड्यांचा गॅस, होडी कलली तरी सपाट राहणारा. छोटा कुकर नेला होता. मुगाची खिचडी, भाजणीचं थालीपीठ, मेतकूट-भात. भाज्या मिळतील त्या. रात्री होडीतच. ३५ रात्रींपैकी नऊ मरीनात, म्हणजे होड्यांच्या भाड्याच्या धक्क्यावर, दोन त्या फुकटच्या धक्क्यावर आणि बाकी नांगरावर. मरीना होडीच्या लांबीवर भाडं लावतात, फुटाला दोन-अडीच डॉलर रात्रीचे, म्हणून नांगर बरा.

लक्ष्मीपूजन वॅकमॉ नदीत झालं, साउथ कॅरोलायनात. दोन्ही बाजूंना पाण्यात पाय रोवून उभी सायप्रसची झाडं, माणूस नाही, दिवा नाही. स्टीलच्या वाटीत एक पणती लावली. होडीच्या वहीवर आणि नकाशावर हळदकुंकू वाहिलं.

नवखा_खलाशी
मी चिंचवडला असतो, वय २६, शिडाची होडी शिकायला सुरुवात केलीय. रेडिओ, बोया, पूल यांचं सांगाल का? चुका झाल्या असतील त्या तर नक्की सांगा, त्यातूनच शिकता येतं.

मुठाकाठ
पूल: उंच पक्के पूल ६५ फुटांचे धरतात, मायामीजवळचा एक ५६ चाच आहे. आमची डोलकाठी पाण्यापासून ४६ फूट. प्रश्न यायचा तो खालच्या, उघडणाऱ्या पुलांचा. काही मागाल तेव्हा उघडतात, काही ठरलेल्या वेळेलाच. व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलायनात रेडिओच्या १३ नंबरवर पूलवाल्याला बोलवायचं, साउथ कॅरोलायनापासून खाली ९ वर. होडीचं नाव, दिशा, विनंती आणि उघडल्यावर आभार. हे काम माझ्याकडे होतं. तीस वर्षं मागच्या बाकापर्यंत आवाज पोहोचवल्याचा उपयोग झाला.

एका ठिकाणी मरीन सैनिकांची गोळीबाराची रेंज वाटेवरच आहे, कॅम्प लजून. फलकावरचे दिवे लुकलुकत असले की थांबायचं. आम्ही तासभर थांबलो. नवऱ्याने त्या तासात तोफांच्या आवाजावरून कॅलिबर ओळखून दाखवली, चेहरा अगदी तरुण झाला होता त्याचा.

आता चूक. दक्षिणेकडे जाताना लाल खुणा उजवीकडे ठेवायच्या, हिरव्या डावीकडे. पण ही वाट मध्येच मोठ्या नद्या ओलांडते, आणि नदीचे स्वतःचे बोये समुद्राकडून आत येणाऱ्या जहाजांसाठी मांडलेले असतात. म्हणजे तिथे लाल-हिरव्याचा अर्थ फिरू शकतो. त्यासाठी आतल्या वाटेच्या खुणांवर छोटी पिवळी चिन्हं असतात. रंग कुठलाही असो, पिवळा त्रिकोण उजव्या हाताला, पिवळा चौकोन डाव्या हाताला. एवढंच.

सवाना नदी आडवी येते तिथे मी सुकाणूवर होते, नवरा नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला. मला पिवळा त्रिकोण दिसला होता आणि मी त्याप्रमाणे वळायला लागले होते. त्याला नदीचा बोया दिसला. तो ओरडला, ‘डावीकडे, डावीकडे घे!’ मी माझं डोळ्यांनी बघितलेलं सोडलं आणि त्याचं ऐकलं. अर्ध्या मिनिटात होडी चिखलात. दणका नाही, आवाज नाही. नुसती मऊ थांबली.

भरती चढती होती म्हणून वाचलो. चाळीस मिनिटांत पाण्याने उचललं. पण ती चाळीस मिनिटं आम्ही दोघं दोन टोकांना बसून होतो. मला त्याचा राग नव्हता आला, माझा स्वतःचा आला होता. बरोबर माहीत असताना मी हात का फिरवला? ३८ वर्षांच्या संसारात गाडी, बँक, घराचं काम, सगळीकडे शेवटचा शब्द त्याचा असायचा. मला कधी खुपलं नाही, कारण माझी चूक होण्याची भीती त्यात मिटायची. चिखलात ती सोय संपली.

त्याच संध्याकाळी नांगरावर बसून ठरवलं, सुकाणूवर जो असेल त्याचा शब्द शेवटचा. पुढे उभा असलेल्याने फक्त दिसतंय ते सांगायचं: ‘हिरवा, अकराच्या दिशेला’ (घड्याळाच्या तबकडीवरचे अकरा). काय करायचं ते सांगायचं नाही. आणि सुकाणू दर दोन तासांनी बदलायचं, सोपं पाणी असो की अवघड. अवघड आलं म्हणून मी उठून त्याला द्यायचं नाही. हे मी सुचवलं. तो म्हणाला, ‘फौजेत असंच असतं. मी घरी विसरलो होतो.’

इतिहासवेडी
मी हे दोनदा वाचलं. नवऱ्यालाही वाचायला दिलं.

अंजर्लेकर
ताई, तुम्ही चढत्या पाण्यावर होतात हा योग होता की ठरवून? आमच्याकडे नियमच आहे, खाडीच्या तोंडाची वाळू ओलांडायची ती चढत्या पाण्यावर. रुतलात तर पाणी सोडवतं. सुकतीला रुतलात तर सहा तास तिथेच, होडी कुशीवर.

मुठाकाठ
ठरवून, काका. जॉर्जियात भरती-ओहोटीत सात ते नऊ फुटांचा फरक पडतो. दिवाळीची अमावस्या, म्हणजे उधाण. उधाणाला ओहोटी जास्त खाली जाते आणि तिथले उथळ पट्टे उघडे पडल्यासारखे होतात. म्हणून आधीच्या चार्ल्स्टनला पाच दिवस थांबलो आणि भांगाच्या पाण्यावर, म्हणजे अष्टमीच्या सुमारास भरती-ओहोटीतला फरक कमी असताना, जॉर्जिया पार केलं. हेल गेट नावाचा एक तुकडा आणि लिटल मड रिव्हर, दोन्ही अर्ध्या भरतीनंतर, पाणी चढत असताना. तिथी पाहून निघायचं हे तिथल्या होडीवाल्यांना मी समजावलं, तर त्यांनी मला त्यांचा तक्ता दाखवला. दोन्हींत एकच दिवस निघाला.

अंजर्लेकर
भांगाचं पाणी जॉर्जियात! आजोबा असते तर त्यांना वाचून दाखवलं असतं.

नवखा_खलाशी
नांगराचा दोर किती सोडायचा? आठ फूट भरती असेल तर हिशेब कसा?

मुठाकाठ
ओहोटीला आठ फूट पाणी असलेल्या जागी नांगर टाकला, तर भरतीला १६ होणार. त्यात पाण्यापासून नाळेची उंची चार मिळवायची. झाले २०. त्याच्या पाचपट १०० फूट, वारा असेल तर सातपट १४०. नवशिके आठाचा हिशेब करतात आणि मध्यरात्री वाहायला लागतात. शिवाय सहा तासांनी प्रवाह उलटतो, होडी पूर्ण फिरते, तेव्हा शेजारच्या होडीपासून वर्तुळभर जागा ठेवायची. पहिल्या तीन रात्री आम्ही आळीपाळीने जागलो. नंतर फोनवर जागा हलली की वाजणारा गजर लावून झोपायला लागलो.

पाटबंधारे
आपल्याकडे असं काही होऊ शकेल का, यावर थोडं. कोकणात अशी आतली वाट निसर्गाने दिलेली नाही. खाड्या पूर्व-पश्चिम आहेत आणि मध्ये सह्याद्रीचे फाटे थेट समुद्रात घुसलेत, त्यामुळे एका खाडीतून दुसरीत जायला बाहेर पडावंच लागतं. केरळात आहे. कोल्लम ते कोट्टपुरम १६८ किलोमीटर, १९९३ मध्ये राष्ट्रीय जलमार्ग जाहीर झाला. पूर्वेला बकिंगहॅम कालवा. १८०६ मध्ये चेन्नईच्या उत्तरेला सुरुवात, १८७७-७८ च्या दुष्काळात कामं काढून तो जोडला गेला. एकेकाळी त्यातून मीठ, भात, सरपण जायचं. मी २००६ साली त्याच्या काठाने काही अंतर फिरलोय, बराच भाग गाळाने भरलेला. २००४ च्या सुनामीत मात्र किनाऱ्यावरून आत आलेलं बरंच पाणी त्याने सामावून घेतलं आणि काठची गावं वाचली. अमेरिकेचा मार्ग आजही चालतोय तो तिथली लष्करी अभियंता शाखा गाळ काढत राहते म्हणून. कालवा खणणं एकदाचं असतं, गाळ दरवर्षीचा.

शनिवारपेठ_१९
ताई, मी सुरुवातीला जे विचारलं ते आता विचारणार नाही. शेवटचा टप्पा सांगा.

मुठाकाठ
जॉर्जियाच्या शेवटच्या बेटावर, कंबरलंडवर, एक दिवस उतरलो. मोकाट घोडे आहेत तिथे. कार्नेगी कुटुंबाचा वाडा होता, तो १९५९ मध्ये जळाला, नुसत्या भिंती उभ्या आहेत आणि घोडे त्यांच्या पुढ्यात चरतात. मग फ्लोरिडाची हद्द.

सेंट ऑगस्टीनला पोहोचलो त्या दिवशी त्रिपुरी पौर्णिमा. म्हणजे पुन्हा उधाण, आणि तिथल्या ब्रिज ऑफ लायन्सखाली प्रवाह जोराचा. १९२७ चा पूल, मधला भाग दोन पाकळ्यांसारखा वर उघडतो. ठरलेल्या वेळेला. मरीना पुलाच्या पलीकडे. सुकाणूवर पाळी माझी होती.

रेडिओवर विनंती केली, पूल उघडला. आमच्या मागून प्रवाह ढकलत होता, होडीवर ताबा राहीलसं वाटेना. पुलाच्या खांबांपासून दोनशे फुटांवर मी ठरवलं, आत्ता नाही. रेडिओवर पूलवाल्याला सांगितलं, माफ करा, पुढच्या वेळेला. आणि गोल वळवून प्रवाहाच्या तोंडावर उभी केली. मागच्या दोन होड्या गेल्या. नवरा नाळेवर दोर हातात घेऊन उभा होता. त्याने मागे वळून बघितलंसुद्धा नाही. नुसता म्हणाला, ‘मागे मोकळं आहे, डावीकडे एक बोया, पन्नास फूट.’

दुसऱ्या खेपेला प्रवाह थोडा मंदावला होता. गेलो.

गावात नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत जुन्या इमारतींना पांढऱ्या दिव्यांची रोषणाई असते. धक्क्याला दोर बांधून होईपर्यंत अंधार पडला आणि सगळे दिवे लागले. समोर १६७२ साली बांधायला घेतलेला शिंपल्यांच्या दगडाचा किल्ला, मागे पौर्णिमेचा चंद्र. त्याने चहा टाकला. मी होडीच्या वहीत शेवटची ओळ लिहिली: ‘मैल ७७८. पाणी चढतं. सुकाणूवर मी.’